लिनक्सला भरपूर रॅम घालताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे प्रश्न

वापरून काढलेले दोन सॉकेटचे, म्हणजे दोन प्रोसेसरचे, सर्व्हर पुण्या-बंगळुरूकडून आपल्याकडं येऊ लागले आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्येही ६४, १२८ जीबीची मशीन दिसू लागली. मशीन आणलं, लिनक्स टाकलं, दोन दिवसांनी फोन. कधी मराठीत, कधी कानडीत, पण प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. आज्ञा आणि फाइलींची नावं इथं उच्चाराप्रमाणं लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

"आठ जीबी घातलोय की ओ, तीनच दाखवतंय! कर्नलला काय सांगायचं?"

आधी 'यूनेम -एम' मारा. उत्तर 'आय६८६' किंवा 'आय५८६' आलं तर तुमचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३२ बिटचा आहे आणि दुखणं तिथंच आहे. 'एक्स८६_६४' आलं तर खालचे दोन प्रश्न सोडून पुढं चला.

कर्नल ३२ बिटचा असला तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो, बहुतेक वेळा असतोच. '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधल्या फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत 'एलएम' ही दोन अक्षरं शोधा. सापडली तर वेळ न घालवता ६४ बिटचं लिनक्स नव्यानं टाका. जुनी सीडी मिळाली म्हणून टाकलेलं ३२ बिटचं लिनक्स मी आजही बघतो, आणि त्यावर तासन् तास घालवणारी पोरंही बघतो.

३२ बिटमध्ये नेमकं अडतं कुठं?

३२ बिटांत पत्ते किती लिहिता येतात? दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४ जीबी. लिनक्स त्याचे दोन वाटे करतं: खालचे ३ जीबी प्रोग्रामला, वरचा १ जीबी कर्नलला. कर्नलच्या त्या १ जीबीतले १२८ एमबीच्या आसपास इतर कामांसाठी बाजूला पडतात आणि ८९६ एमबी उरतात. एवढ्याच रॅमला कर्नल थेट हात लावू शकतो. हिला लोमेम म्हणतात, बाकी सगळी हायमेम.

गणपत गल्लीतलं दुकान डोळ्यासमोर आणा. मालक गल्ल्यावर बसलाय. हाताला येते ती समोरची फळी, बाकी माल मागच्या गोदामात. गोदामातलं काही हवं असेल तर पोऱ्याला पाठवून एकेक डबा फळीवर आणवायचा, काम झालं की परत ठेवायचा. हायमेमचं असंच चालतं. पण खरी गोम पुढं आहे. गोदामात किती डबे आहेत याची वही मालकाला फळीवरच ठेवावी लागते! गोदाम जेवढं मोठं तेवढी वही जाड, आणि वही जाड झाली की फळीवर मालाला जागा नाही.

ही नुसती उपमा नाही, आकडे मांडून बघा. रॅमची ४ केबीची पानं पडतात आणि प्रत्येक पानामागं कर्नल एक छोटी नोंद ठेवतो. ३२ बिटमध्ये ती ३२ बाइटची धरली तरी ६४ जीबीची पानं होतात १,६७,७७,२१६ आणि नोंदी होतात ५१२ एमबी. लोमेम आहे ८९६ एमबी. निम्म्याहून जास्त फळी वहीनंच खाल्ली. उरलेल्या जागेत फाइलींच्या नोंदी (आयनोड), डायरेक्टरीच्या नोंदी, नेटवर्कचे सॉकेट असं सगळं बसवायचं. म्हणून अशा मशीनवर ४० जीबी रॅम मोकळी दिसत असतानाही कर्नल 'आउट ऑफ मेमरी' म्हणून प्रोग्राम मारतो. लोकांना वाटतं रॅम बाद आहे. रॅम ठणठणीत असते.

पीएईवाला कर्नल टाकला तर भागेल ना?

तात्पुरतं भागेल. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून पत्त्याच्या तारा ३६ झाल्या आणि त्यातून ६४ जीबीपर्यंत रॅम ओळखता येऊ लागली, तीच पीएई. कर्नल स्वतः बांधणाऱ्यांना मेनूकॉन्फिगमध्ये 'हाय मेमरी सपोर्ट' या नावाखाली तीन पर्याय दिसायचे: बंद, ४ जीबी, ६४ जीबी. डेबियनमध्ये हाच कर्नल '६८६-पीएई' नावानं तयार मिळायचा.

पण दोन गोष्टी. एक, रॅम कितीही ओळखली तरी एकेका प्रोग्रामच्या वाट्याला ३ जीबीच येतात. फौंड्रीतल्या कास्टिंग सिम्युलेशनला एकट्यालाच २० जीबी हवे असतील तर पीएईचा शून्य उपयोग. दोन, २०२५ च्या ६.१५ कर्नलपासून इंटेल-एएमडीसाठीचा तो ६४ जीबीचा पर्याय काढूनच टाकलाय. माझं विचाराल तर बरं झालं.

६४ बिटच आहे, तरी १६ च्या ठिकाणी १५ आणि काहीतरी दाखवतंय.

तेवढं जाणारच. बोर्डावरचं ग्राफिक्स आपला वाटा उचलतं, बायॉस थोडी राखून ठेवतं, आणि रॅमच्या प्रत्येक पानाची नोंद ठेवणारी कर्नलची ती मघाची वही इथंही आहे: ६४ बिटमध्ये दर ४ केबीच्या पानाला साधारण ६४ बाइट. म्हणजे ६४ जीबीवर १ जीबी नुसती नोंदींना. शिवाय क्रॅश झाल्यावर माहिती पकडायला काही लिनक्स आधीच जागा अडवून ठेवतात. '/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये 'क्रॅशकर्नल' दिसतंय का बघा.

निम्मीच रॅम दिसत असेल तर मात्र शोध घ्यायला हवा. त्याच ओळीत कुणीतरी कधीकाळी चाचणीसाठी 'मेम=८जी' लिहून ठेवलेलं असतं. ते नसेल तर 'डीएमआयडीकोड -टी मेमरी' नं कुठल्या खाचेत काय दिसतंय ते बघा. चार पट्ट्या घातल्या आणि तीनच दिसतायत? मग कर्नलशी भांडू नका. मशीन बंद करा, वायर काढा, पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा आणि परत टक्क आवाज येईपर्यंत बसवा. पावसाळ्यात खानापूरकडचे निम्मे फोन एवढ्यावर मिटतात.

पट्टी मुळात दिसतच नसेल तर ती रजिस्टर्ड आहे का तपासा. सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. स्वस्तात मिळते म्हणून घेऊन येतात आणि मग मला विचारतात.

६४ बिटला काही मर्यादा आहे का?

आहे, पण आपल्याला तिथं पोचायला बराच वेळ आहे. नेहमीच्या चार पातळ्यांच्या पेजटेबलांत (कुठलं पान रॅममध्ये कुठं आहे याच्या नकाशांत) पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे २५६ टीबी; त्यातला अर्धा प्रोग्रामचा. प्रत्यक्ष रॅम ६४ टीबीपर्यंत. त्यापुढं जाणाऱ्यांसाठी २०१७ च्या ४.१४ कर्नलपासून पाच पातळ्यांची सोय आली आणि प्रत्यक्ष रॅमची मर्यादा ४ पीबी झाली. तुमच्या प्रोसेसरच्या तारा किती ते 'एलएससीपीयू' मध्ये 'अ‍ॅड्रेस साइझेस' या ओळीत दिसतं. ३९ बिट दिसले तर ५१२ जीबी. बोर्डाची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी आडवी येते, तेव्हा बोर्डाचं माहितीपत्रक वाचा.

म्हणजे कर्नल नव्यानं बांधायला नको?

नको. डेबियन, उबंटू, फेडोरा यांचे तयार ६४ बिट कर्नल मोठ्या रॅमसाठी लागणारं सगळं घेऊनच येतात. शिकायचं म्हणून बांधा, जरूर बांधा, कॉलेजातल्या पोरांनी तर एकदा बांधावाच. पण रॅमसाठी म्हणून नको. जे काही करायचं ते चालू कर्नलच्या आकड्यांत, म्हणजे 'सिसकंट्रोल' (टाइप करताना sysctl) मधून.

"चौसष्ट घातलोय, फ्रीमध्ये एकच शिल्लक. कोण खाऊलालंय?"

कुणी खात नाही. 'फ्री -एच' मारल्यावर 'फ्री' नावाचा रकाना बघू नका, शेवटचा 'अव्हेलेबल' बघा. वाचलेल्या फाइली लिनक्स रॅममध्ये ठेवून देतं, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. कुणा प्रोग्रामला जागा लागली की ती लगेच सोडतं. 'अव्हेलेबल' चा हिशेब कर्नल स्वतः करून देतो, २०१४ च्या ३.१४ पासून. दर तासाला 'ड्रॉप_कॅशेस' आपोआप चालवणारा क्रॉन कुणी लावून दिला असेल तर तो काढा. पैसे देऊन घेतलेली रॅम दर तासाला रिकामी करून काय मिळतं?

पेनड्राइव्हवर कॉपी लगेच होते, पण फाइल फुटकी निघते.

हा प्रश्न रॅमचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उद्यमबागेतल्या एका डाय करणाऱ्या शॉपमध्ये ६४ जीबीचं नवं मशीन बसवलं. डिझाइनचं सहा जीबीचं फोल्डर कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला न्यायचं होतं. पोरानं कॉपी लावली, पट्टी सरसर शंभर टक्क्यांपर्यंत गेली, पोरगं खूश. पेनड्राइव्ह उपसला, खिशात टाकला, गाडीला किक मारली. कोल्हापुरात फोल्डर उघडलं तर अर्ध्या फाइली शून्य बाइटच्या. जुन्या ४ जीबीच्या मशीनवर असं कधी झालं नव्हतं.

झालं असं की कॉपी रॅमपर्यंतच झाली होती. लिहायचा माल कर्नल आधी रॅममध्ये घेतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. असा न उतरवलेला माल किती साठू द्यायचा हे दोन आकडे ठरवतात: 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो' १० आणि 'व्हीएम.डर्टी_रेशो' २०. हे टक्के आहेत, मोकळ्या आणि कॅशच्या रॅमचे. ४ जीबीच्या मशीनवर दहा टक्के म्हणजे ४०० एमबीसुद्धा नाहीत. ते भरले की कर्नल उतरवायला लागायचा आणि थोड्या वेळात कॉपी करणाऱ्यालाही रोखायचा. ६४ जीबीवर तेच दहा टक्के सहा जीबीच्या घरात जातात. आकडा तोच, पण अख्खं फोल्डर त्याच्या पोटात मावलं.

मोठी रॅम घालताना मला हेच सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं: टक्क्यांत लिहिलेला प्रत्येक आकडा शोधा आणि त्याचे जीबी किती होतात ते कागदावर मांडा. मग टक्के सोडून बाइटमध्ये लिहा. मी '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' मध्ये एक छोटी फाइल करतो. तिच्यात 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी, आणि 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' ला १०७३७४१८२४, म्हणजे १ जीबी. बाइटवाला आकडा भरला की त्याच्या जोडीचा टक्केवाला आपोआप शून्य होतो, घाबरू नका. डिस्क भारी वेगाची असेल तर आकडे वाढवा.

आणि पोराला सांगा, उपसायच्या आधी 'सिंक' मारायचं, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं.

वीज गेली तर हाच हिशेब लागतो. एरवी ३० सेकंदांपेक्षा जुना माल कर्नल उतरवायला घेतोच, पण ढीग मोठा आणि डिस्क हळू असेल तर ते ३० सेकंद कागदावरच राहतात. जांबोटीच्या पावसात यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ह्यूजपेजेस लावायचे का? किती?

ह्यूजपेजेस म्हणजे ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पानं. डेटाबेस मोठा असेल आणि त्याला जोडलेले लोक भरपूर असतील तर लावा. नुसतं फाइल सर्व्हर असेल तर विसरा.

एका साखर कारखान्याच्या हिशेबाचं मशीन मी बघत होतो. ६४ जीबी रॅम, पोस्टग्रेस डेटाबेस, त्याचे शेअर्ड बफर (सामाईक रॅम) १६ जीबी. वर्षभर सुरळीत. गाळप हंगाम सुरू झाला, वजनकाट्यावरून, शेतकी विभागातून, बिलाच्या खिडकीवरून एकाच वेळी दोनशे जोडण्या लागल्या आणि मशीन आचके द्यायला लागलं. डेटाबेस तेवढाच, बफर तेवढेच, मग सहा जीबी गेले कुठं?

'/प्रॉक/मेमइन्फो' मध्ये 'पेजटेबल्स' नावाची ओळ असते. कुणी वाचत नाही. तिथं सापडले.

प्रत्येक जोडणी म्हणजे पोस्टग्रेसची एक वेगळी प्रोसेस. शेअर्ड बफर सगळ्यांचे सामाईक, पण ते कुठं आहेत हे सांगणारा नकाशा ज्याचा त्याचा वेगळा. १६ जीबीत ४ केबीची ४१,९४,३०४ पानं, दर पानाला ८ बाइटची नोंद: एका प्रोसेसचा नकाशा ३२ एमबी. प्रोसेस जुनी झाली, सगळ्या बफरांना हात लावून झाला, की नकाशा पूर्ण वाढतो. दोनशे प्रोसेसचे ६,४०० एमबी! पान ४ केबीऐवजी २ एमबीचं केलं की १६ जीबीत ८,१९२ च पानं होतात आणि त्यांच्या नोंदी ६४ केबीत बसतात.

म्हणून 'व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस' मध्ये ८,१९२ आणि वर थोडी पानं, कारण पोस्टग्रेसला बफरांखेरीजही सामाईक जागा लागते. १५ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर 'शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस' ला विचारा, तो नेमका आकडा सांगतो. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये 'ह्यूज_पेजेस' हे 'ट्राय' वर असतं. मी ते 'ऑन' करतो. 'ट्राय' वर पानं कमी पडली तर तो गुपचूप ४ केबीवर जातो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. 'ऑन' वर सुरूच होत नाही, मग निदान कळतं तरी.

आता माझी फजिती. ही पानं एकदा राखली की दुसऱ्या कुणाच्या कामाची नाहीत, ना फाइल कॅशच्या, ना साध्या प्रोग्रामच्या. दुसरीकडं ३२ जीबी बफर असलेल्या मोठ्या मशीनसाठी मी १६३८४ लिहिलेली फाइल होती. तीच निपाणीच्या एका मशीनवर कॉपी केली. त्या मशीनची एकूण रॅम होती ३२ जीबी. १६३८४ गुणिले २ एमबी किती होतात ते करून बघा. रीबूट मारला आणि एसएसएच (लांबून मशीनवर शिरायची वाट) गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून हत्तरगी, संकेश्वर करत निपाणी गाठली. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीशेवटी 'सिस्टमडी.युनिट=इमर्जन्सी.टार्गेट' लिहिलं, डिस्क लिहिता येईल अशी पुन्हा माउंट केली आणि ती एक ओळ खोडली. काम दोन मिनिटांचं. तिथल्या मावशींनी चहा दिला आणि विचारलं, "एवढ्यासाठी बेळगावहून आलासा?"

तेव्हापासून लांबच्या मशीनवर आकडा आधी चालू कर्नलला देतो, दिवसभर बघतो, मगच फाइलीत लिहितो.

ट्रान्सपरंट ह्यूजपेजेस म्हणजे तेच का?

नाही. ती कर्नल आपल्या मर्जीनं जोडतो, राखीव ठेवत नाही. '/सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट_ह्यूजपेज/एनेबल्ड' मध्ये तीन पर्याय: 'ऑलवेज', 'एमअ‍ॅडव्हाइज', 'नेव्हर'. 'एमअ‍ॅडव्हाइज' वर ठेवा, म्हणजे मागेल त्यालाच मिळेल. रेडिस या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या 'ऑलवेज' दिसलं की सुरू होतानाच तक्रार करायच्या आणि ती तक्रार रास्त होती.

स्वॅप रॅमच्या दुप्पट, म्हणजे १२८ जीबी?

स्वॅप म्हणजे रॅममधली पानं टाकायला डिस्कवर ठेवलेली जागा. दुपटीचा नियम रॅम एमबीत मोजायच्या काळातला. ६४ जीबीवर ४ ते ८ जीबी स्वॅप पुरते. हायबरनेट करायचं असेल तरच रॅमएवढी लागेल, आणि सर्व्हर कुणी हायबरनेट करतं का?

अजिबात नको, असंही करू नका. कधीच न लागणारी पानं बाजूला टाकायला थोडी जागा असलेली बरी. 'व्हीएम.स्वॅपीनेस' मूळचा ६० असतो. डेटाबेसच्या मशीनवर मी १० करतो. शून्य केला तर रॅम पार तळाला जाईपर्यंत कर्नल स्वॅपला हात लावत नाही, आणि मग थेट प्रोग्राम मारायची वेळ येते.

एवढी रॅम असून डेटाबेसच का मारला?

कारण ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, सगळ्यात मोठा दिसेल त्याला धरतो, आणि तुमच्या मशीनवर सगळ्यात मोठा डेटाबेसच असणार. दोष बहुधा दुसऱ्याच कुणाचा असतो. 'डीमेसेज' (टाइप करताना dmesg) मध्ये मारण्याच्या आधीची यादी छापलेली असते, ती शांतपणे वाचा. डेटाबेसच्या सर्व्हिस फाइलीत 'ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट' उणे ९०० लिहिलं तर तो मागं राहतो.

'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' २ करा असं वाचून कुणीतरी करतं आणि मग रॅम मोकळी असताना प्रोग्राम सुरू होईना म्हणून फोन करतं. २ वर कर्नल स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के एवढंच वचन देतो. परत टक्केच! स्वॅप छोटी असेल तर ६४ जीबीतले निम्मे वापरताच येत नाहीत. २ करायचं तर 'ओव्हरकमिट_रेशो' ही वाढवा, नाहीतर शून्यावरच राहू द्या.

दोन सॉकेटच्या मशीनवर एका बाजूची रॅम संपते, दुसरीकडं रिकामी.

तिथं रॅम एक नसते, दोन असतात. प्रत्येक प्रोसेसरची आपापली. शेजारच्याची वापरता येते, पण वळसा पडतो. 'नुमासीटीएल --हार्डवेअर' दोन्ही बाजूंचा हिशेब दाखवतो. एकच मोठा डेटाबेस चालवत असाल तर तो 'नुमासीटीएल --इंटरलीव्ह=ऑल' नं सुरू करा, म्हणजे पानं दोन्हीकडं सारखी पडतील. पट्ट्या बसवतानाही दोन्ही बाजूंना सारख्याच बसवा. सगळ्या एकाच प्रोसेसरच्या खाचांत कोंबलेलं मशीन मी शहापुरात बघितलोय, दुसरा प्रोसेसर बिचारा प्रत्येक घोटाला शेजारी जात होता.

'शेममॅक्स' किती ठेवू?

हात लावू नका. 'शेममॅक्स' (shmmax) म्हणजे सामाईक रॅमच्या एका तुकड्याची कमाल मर्यादा. ३२ एमबीची जुनी मर्यादा २०१४ च्या ३.१६ कर्नलमध्येच उठली. जिथं हा आकडा वाढवायला सांगितलंय, ते मार्गदर्शन त्याच्या आधीचं.

रॅम बाद आहे हे कसं ओळखायचं?

मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. १२८ जीबीला एक फेरीच काही तास घेते, अर्ध्या तासात 'ओके आहे की' म्हणून बंद करू नका. एक जरी लाल ओळ आली तरी पट्ट्या एकेक काढून पुन्हा. ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी, रॅम असेल तर 'डीमेसेज' मध्ये 'ईडॅक' शोधा. दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा रोज वाढत असेल तर ती पट्टी बदला, तीही मशीन चालू आहे तोवरच.